उटण्यातली मिरची

परवा परळच्या एका मॉलमध्ये विक्रेत्या मुलीने माझ्या नाकासमोर काचेची बरणी धरली. आत काळी पूड. "मॅम, चारकोल टूथ पावडर. एकदम नॅचरल. आपले पूर्वज हेच वापरायचे." मी बरणीवरची किंमत वाचली आणि तिला म्हटलं, "बाळ, तो पूर्वज म्हणजे मीच. ही राखुंडी आहे. आमच्याकडे ती शेगडीतून फुकट निघायची." ती बिचारी गोड हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिची काही चूक नव्हती, तिला जे शिकवलं ते ती बोलत होती.

पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. हल्ली जो उठतो तो सांगतो, पूर्वी काय छान होतं, सगळं कसं नैसर्गिक, केमिकल नाही की काही नाही. जळ्ळं मेलं ते नैसर्गिक. लालबागच्या चाळीत आम्ही राखेने दात घासले ते हौस म्हणून नाही. वाण्याकडची लाल दंतमंजनाची डबी संपली की नवी यायला वेळ लागायचा, म्हणून घासले. दात काळे दिसू नयेत म्हणून वर मीठ लावायचो. रविवारी शिकेकाई आणि रिठे उकळायचे, कारण केसांना साबण लावणं म्हणजे चैन. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की मी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं भोकाड पसरायची. नारळाची शेंडी आणि राख घेऊन भांडी घासायचो, त्याने नखांच्या कडा कायमच्या काळ्या राहायच्या. शाळेत बाई हात पुढे करायला सांगायच्या तेव्हा मी मूठ मिटून घ्यायची.

बाबा दाढीचं पातं काचेच्या पेल्यात आतून घासून घासून धार लावायचे आणि दाढी झाली की तुरटी फिरवायचे. एका पात्यावर किती दिवस काढता येतात याची चाळीत पुरुषांची पैज लागायची. अंगाच्या साबणाची वडी आई दोऱ्याने कापायची, कारण अख्खी वडी मोरीत ठेवली की ती विरघळते, असं तिचं शास्त्र होतं. टाल्कम पावडरचा डबा होता, पण तो लग्नाला जाताना उघडायचा. एरवी तो फळीवर देवासारखा बसलेला असे.

आणि एक गोष्ट कोणी बरणीत भरून विकत नाही, म्हणून मीच सांगते. माझे बाबा कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. त्यांच्या साच्यावरून निघालेलं कापड कुठल्या कुठल्या मुलखात जायचं. आणि त्यांच्या बायकोला नि लेकीला महिन्याच्या त्या दिवसांत जुन्या लुगड्याच्या चिंध्या. त्या धुऊन गॅलरीच्या दोरीवर टॉवेलाखाली लपवून वाळत घालायच्या, त्या नीट वाळायच्या नाहीत, मांड्या सोलवटायच्या. हेही नैसर्गिकच होतं. कोणाला हवं असेल तर त्याने खुशाल वापरून बघावं.

असो. मला सांगायचंय ते गिरण्यांच्या संपाच्या वर्षाचं.

जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, होळीपर्यंत मिटेल. होळी गेली, गणपती गेले. घरातल्या वस्तू एकेक करून मुक्याने निघून गेल्या. आधी टाल्कम पावडर गेली, तिचं काही वाटलं नाही. मग अंगाचा साबण गेला आणि कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाच्या चिपेने आम्ही आंघोळ करू लागलो. मग तीही जपून. खोबरेल तेल केसांना न लावता फक्त तळव्याला चोपडून तोच हात डोक्यावरून फिरवायचा. एक नीळ मात्र आईने शेवटपर्यंत सोडली नाही. बाबा गिरणीच्या गेटवरच्या सभेला निघाले की त्यांचा सदरा पांढराशुभ्र पाहिजे. "पोट कोणाक दिसत नाय, सदरो दिसता," ती म्हणायची. घरात आम्ही मालवणी बोलायचो आणि आईचा राग तर निव्वळ मालवणीतच निघायचा.

माझं ते दहावीचं वर्ष. चाळीतली बिऱ्हाडं एकामागून एक गावाला चालली होती. ज्यांच्या घराला कुलूप लागलं त्यांच्या मुली माझ्याच वर्गातल्या. त्यातली एक परत आली नाही, तिचं तिकडे लग्न ठरल्याची बातमीच आली. त्यामुळे दसऱ्याच्या सुमाराला बाबा जेवता जेवता म्हणाले, "दिवाळी झाली की आपण पण गावाक जावया. हंय रवान काय करतलंव?" तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला.

आई म्हणाली, "आणि चेडवाच्या दहावीचा काय?"

"गावाक शाळा नाय काय?"

गावाला सातवीपर्यंत शाळा होती. पुढची नदीपलीकडे. हे बाबांना माहीत होतं आणि आईलाही. बाबा वाईट नव्हते हो. सकाळी उठून तोंड धुऊन कुठेच न जाणारा पुरुष झाले होते ते. आई ताट सरकवून म्हणाली, "मी खंय जावचंय नाय. दिवाळीपर्यंत थांबा. मी काय करतंय ता बघा." बाबांनी मान हलवली. दिवाळीपर्यंत काही जमलं तर मुंबई, नाहीतर गाव, असं त्या रात्रीच्या जेवणावर ठरलं.

आईने काय करायचं ठरवलं, तर उटणं.

गिरगावात एक जुनं मुंबईकर घर होतं, पिढ्यान् पिढ्यांचं. पक्के मासेखाऊ. त्यांचा वर्षाचा मसाला आई दर उन्हाळ्यात लालबागच्या डंक्यावर उभं राहून कुटून घ्यायची आणि पोचवायची. डंका म्हणजे विजेवर चालणारं लोखंडी मुसळ, खाली उखळ. त्या घरातल्या बाईंना आई वहिनी म्हणायची. वहिनींनी कधीतरी म्हटलं होतं की बाजारातल्या उटण्याला आता वासच राहिला नाही. आईने ते लक्षात ठेवलं होतं. तिने वहिनींना जाऊन सांगितलं, यंदा उटणं मी देते. वहिनींनी आपल्या घरासाठी सांगितलंच, शिवाय त्या इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांसाठी सांगितलं. त्यांच्याकडे मोठ्या लेकीचा दिवाळसण होता, नवा जावई येणार होता.

मग आमची खोली म्हणजे काष्ठौषधींचं दुकान झालं. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, वाळवलेल्या संत्र्याच्या साली, गुलाबाच्या पाकळ्या. फुलं आई दादरच्या फूलबाजारात संध्याकाळी उरलेली मागून आणायची. सगळं गॅलरीत वाळत घातलं. शेजारणी येता-जाता वास घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, राणीसाहेब, आम्हालाही चिमूटभर ठेवा.

दळायची वेळ आली आणि पहिलाच खडा लागला. पिठाच्या चक्कीवाल्याने हात जोडले. दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे चकलीच्या भाजणीच्या रांगा, त्यात उटणं दळलं तर अख्ख्या लालबागच्या चकल्यांना नागरमोथ्याचा वास लागेल. त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुसरीकडे विचारलं, तिथेही तेच. शेवटी आईने तिच्या रोजच्या ओळखीचा मसाल्याचा डंका धरला. डंकेवाला म्हणाला, "बाई, मिरचीचा डंका आहे." आई म्हणाली, "साफ कर." त्याने मूठ मूठ जाडं मीठ टाकून दोनदा कुटून काढलं, उखळ पुसलं. आईने आत हात घालून चोळून बघितला, बोटं नाकाशी नेली. काही नाही. मलाही वास दिला. मलाही काही आलं नाही.

आता यात गंमत काय झाली ती ऐका. जी बाई पंधरा-वीस वर्षं तळहाताने मिरच्या चोळत आली, कुटलेला मसाला कोपरापर्यंत हात घालून कालवत आली, तिच्या हाताला मिरची कळणार कशी? आणि त्या मसाल्याच्या गल्लीत जन्म काढलेल्या नाकाला मिरचीचा वास येणार कसा? तो तर आमचा हवेचाच वास. आईने अगदी मन लावून, पुन्हा पुन्हा तपासलं आणि तपासणारे हात नि नाक तेवढे चुकीचे निघाले.

उटणं चाळलं, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि दिवाळीआधी मी नि आई गिरगावात देऊन आलो. पैसे मिळाले. आईने ते पदरात बांधले आणि उतरताना जिन्यात मला म्हणाली, "बघ, आता कोण नेता तुका गावाक."

नरकचतुर्दशीला पहाटे आमच्याकडेही अभ्यंग झालं. उटणं सगळं विकलेलं, आमच्यासाठी चाळणीत उरलेला कोंडा. तो आईने तेलात कालवून आमच्या हातापायांना नावाला लावला. मला जरा गरम गरम वाटलं, म्हटलं तेल कोमट केलंय. तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारिटाचं कडू फळ फोडलं, पोहे खाल्ले. मग आईने वहिनींना द्यायला म्हणून गुळातले पोहे डब्यात भरले. एवढ्या मोठ्या घराने भरवसा टाकला तर दिवाळीच्या दिवशी रिकाम्या हाताने कसं राहायचं, असं तिला वाटलं. मला घेऊन ती बसने गिरगावात गेली.

जिन्यातच आवाज ऐकू आले. वरच्या मजल्यावर दारं उघडी, बायका ओल्या केसांनी बाहेर, कोणी पंख्याखाली हात धरून बसलेलं. वहिनींच्या दारात पोचलो तर समोर नवा जावई. कमरेला टॉवेल, उघडाबंब, पाठीला दह्याचा लेप आणि पाठ लालबुंद. आजूबाजूला सासरची मंडळी वारा घालतायत. दिवाळसणाला आलेला जावई असा बसलेला मी तरी त्यानंतर कुठे पाहिला नाही. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मी आईच्या पाठीमागे सरकले.

वहिनी आईला बघून उठल्या. त्यांचेही दंड लाल. "काय घातलंस गं त्यात? सगळ्यांची अंगं पेटलीत."

आईने डबा माझ्या हातात दिला. चपला काढल्या, आत गेली, कालवलेल्या उटण्याच्या वाटीच्या बाजूला उघडी पुडी पडली होती त्यातलं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. मी मनात म्हणत होते, काहीतरी सांग, आंबेहळद चढली म्हणून सांग, कातडी नाजूक आहे म्हणून सांग. जावयाची कातडी खरंच नाजूक होती.

"मिरची आहे," आई म्हणाली. "डंक्याची लागली. चूक माझी."

एवढ्यावर भागलं असतं. पण वहिनींचे यजमान, जे आतापर्यंत खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, ते म्हणाले, "चूक कसली? मुद्दाम घातलीय. संप करून करून डोकी फिरलीत या लोकांची. आपली पोटं जळली म्हणून दुसऱ्याची अंगं जाळायला निघालेत."

वहिनी खाली बघून आपले दंड चोळत राहिल्या. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मला वाटलं हातातला पोह्यांचा डबा त्यांच्या पेपरावर पालथा करावा. मी आईकडे बघितलं. ती माझ्यापेक्षा पाव हात बुटकी होती, पण त्या क्षणी ती मला दाराच्या चौकटीएवढी वाटली.

तिने ती वाटी उचलली. तेलात कालवलेलं उटणं अर्धंअधिक शिल्लक होतं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि स्वतःच्या तोंडाला फासलं. कपाळ, गाल, मान, सगळीकडे, थापून थापून. मग हात खाली सोडून तशीच उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या ह्या पोरीच्या अंगाला आज पहाटे हेच लागलंय. मुद्दाम केलं असतं तर स्वतःच्या लेकीला लावलं असतं? आमच्या हातांना मिरची कळत नाही, ती तुमचाच मसाला कुटून कुटून कळेनाशी झालीय. चूक केली ती माझी मी म्हणते. पण दुष्टावा केला असं कोणी म्हणायचं नाही. आणि संपाला तर मध्ये आणायचंच नाही. संप माझ्या नवऱ्याचा आहे, उटणं माझं आहे."

तिचा आवाज चढलेला नव्हता. डोळे मात्र मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. हाताला नाही, पण तोंडाला कळत होतं सगळं. यजमानांनी पेपर खाली ठेवला. माफीबिफी काही मागितली नाही. मला त्यांच्याबद्दल आजही प्रेम वाटत नाही.

वहिनी मात्र पुढे आल्या. "अगं, धू ते. धू आधी, डोळे जातील."

"पाण्याने आणखी लागेल. थोडं तेल द्या."

त्यांनी खोबरेलाची बाटली आणि जुनं फडकं दिलं. आईने तेलाने तोंड पुसलं, जावयाच्याही पाठीवरचं दही पुसून तेल लावायला सांगितलं. मग ती त्या इमारतीतल्या प्रत्येक दाराशी गेली. कडी वाजवायची, उटण्यात मिरची गेलीय म्हणून सांगायचं, पुडी मागून घ्यायची, पैसे परत द्यायचे. लोक तिचं लाल तोंड बघून आधी दचकायचे. कोणी चार शब्द सुनावले, कोणी न बोलता पुडी दिली. एका म्हातारीने अजून आंघोळ केली नव्हती, ती म्हणाली, बरं झालं बाई आळस केला. मी पिशवी धरून मागे. पदराची गाठ रिकामी होत गेली आणि पिशवी भरत गेली. मला एकच दिसत होतं, नदीपलीकडची शाळा.

शेवटी आम्ही परत वहिनींच्या दारात आलो. वहिनींनी फराळाचं ताट पुढे केलं. "दिवाळी तुझीही खराबच झाली. खाऊन जा."

आईने ताट घेतलं नाही. माझ्या हातातला डबा घेऊन तिने तो त्यांच्या हातात दिला. "हे आमच्याकडचे पोहे. ह्यात मिरची नाही, गूळ आहे." मग म्हणाली, "पुढच्या दिवाळीला मी परत येईन. उटणं घेऊन. आधी तुमच्या हाताला लावून दाखवीन, मग देईन. दार उघडा म्हणजे झालं."

आतून कोणीतरी खुसखुसलं. वहिनींनी मागे वळून एकदा बघितलं आणि हसू बंद झालं. "ये," त्या म्हणाल्या. "उघडीन."

घरी येईपर्यंत आईचं तोंड सुजून टम्म झालं होतं. बसमधल्या बायका वळून वळून बघत होत्या आणि आई खिडकीबाहेर असं बघत होती, जणू तिला कोणी बघतच नाहीये. बाबा दारातच उभे होते. त्यांनी तोंड बघितलं, पिशवी बघितली, माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, रडत रडत, यजमान काय बोलले त्यासकट. ते ऐकून बाबांच्या जबड्याची शीर हलली. ते आत गेले, आमच्या बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल तळव्यावर ओतलं आणि आईला समोर बसवून तिच्या गालांना लावू लागले. माझ्यादेखत बाबांनी आईला हात लावलेला मी तोवर कधी बघितला नव्हता. साच्यावरच्या सुताने त्यांची बोटं खरबरीत झाली होती, त्यामुळे ते नुसत्या तळव्याने लावत होते.

"गावाक जावचा ना आता?" त्यांनी हळूच विचारलं. त्या आवाजात जबरदस्ती नव्हती. हरलेल्या माणसाने दुसऱ्या हरलेल्याला विचारावं तसं ते होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आईने डोळे उघडले नाहीत. "जावचा कसा? धा माणसांसमोर सांगून इलंय, पुढच्या दिवाळीक येतंय म्हणान. आता गेलंय तर त्या पेपरवाल्याचा बोलणा खरा होतला. चिमूटभर मिरचीक भिऊन पळाली म्हणतले. माका नाय म्हणतले, तुमका म्हणतले, सगळ्या संपवाल्यांका म्हणतले."

बाबांचा हात थांबला. बाहेर चाळीत पोरं टिकल्या फोडत होती. मी आईच्या पाठीमागे बसले होते आणि बाबांचं तोंड मला नीट दिसत होतं. त्यावर पुष्कळ काही येऊन गेलं. मग त्यांनी परत तेल लावायला सुरुवात केली.

"मगे पुढच्या वर्षी कुटूचा खंय?" त्यांनी विचारलं.

"डंक्यारच. पण त्या टायमाक पयल्यांदा तुमच्या तोंडाक लावन बघतलंय."

बाबा हसले. गेले कित्येक महिने ते हसले नव्हते. मार्चमध्ये मी दहावीला बसले, लालबागमधूनच.